दोन घरांत एक मावशी: बाळ सांभाळण्याचा खर्च आणि जबाबदारी कशी वाटून घ्यावी

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाल्यापासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे आई कामावर रुजू होते तेव्हा बाळ साधारण चार ते सहा महिन्यांचं असतं. इतक्या लहान बाळाला बरीच पाळणाघरं घेत नाहीत, आजी-आजोबा दरवेळी गावाहून येऊन राहू शकत नाहीत आणि दिवसभराची स्वतंत्र बाई ठेवली तर एका पगाराचा मोठा हिस्सा तिथेच जातो. अशा वेळी एकाच सोसायटीतली दोन घरं मिळून एक मावशी ठेवतात. मुलं एकाच घरात सांभाळली जातात, खर्च वाटला जातो आणि मावशींना एका घरापेक्षा जास्त पगार मिळतो.

त्याआधी एक चौकशी करून घ्या. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय देणं कायद्याने बंधनकारक आहे. ती ऑफिसच्या आवारातच असावी असं नाही, जवळपास असली तरी चालते, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. एचआरला लेखी विचारा. सोय असेल आणि बरी असेल तर पुढचा बराच खटाटोप वाचेल.

सोय नसेल तर पुढे वाचा. ही व्यवस्था मोडते ती बहुतेकदा दोन घरांमधल्या न बोललेल्या गोष्टींमुळे. मुलं किंवा मावशी हे कारण क्वचितच असतं. म्हणून अवघड वाटणारे प्रश्न मावशी शोधायला निघण्याआधीच बोलून घ्यायचे.

जोडीदार घर निवडताना

चांगली मैत्री आहे एवढ्यावर घर निवडू नका. अंतर, वेळ आणि सवयी जुळतात का ते आधी बघा. एकाच इमारतीतलं घर सर्वात सोयीचं, त्याखालोखाल त्याच सोसायटीतलं. रस्ता ओलांडून जावं लागणार असेल तर जुलैच्या पावसात सकाळी साडेआठला बाळ, दुपटं, डबा आणि दुधाची पिशवी घेऊन कसं जाणार याचा विचार आत्ताच करा.

मुलांच्या वयात सहा महिने ते सव्वा वर्षाचं अंतर असेल तर मावशींना सर्वात सोपं जातं. एकाची झोप आणि दुसऱ्याचं खेळणं अशी दिवसाची घडी बसते. दोन्ही बाळं सात-आठ महिन्यांची असली तर भरवणं, झोपवणं, रडणं सगळं एकाच वेळी येतं. जमतं, पण त्यासाठी खरोखर अनुभवी बाई लागते. एक मूल वर्षाच्या आतलं असेल तर एकूण दोनच मुलं ठेवा. तिसऱ्या घराने कितीही गळ घातली तरी नाही म्हणा, कारण आग लागली, लिफ्ट बंद पडली, तर एका बाईला दोनच मुलं उचलून खाली नेता येतात.

मग दोन्ही घरांतल्या आई-बाबांनी, चौघांनी, मुलं सोबत नसताना बसून बोलावं. प्रश्न आडवळणाने न विचारता सरळ विचारा. बाळाला अंडं किंवा मासे देणार आहात का, आणि ते तुमच्याच घरात शिजलेलं चालेल का? टीव्ही किंवा मोबाइल दाखवून भरवलेलं चालेल का? मूल चावलं, मारलं तर मोठ्यांनी काय करावं? लसी वेळेवर झाल्या आहेत का? लसीकरणाची पुस्तिका एकमेकांना दाखवा, यात संकोच नको. घरात कुत्रा-मांजर आहे का? घरात कुणी सिगारेट ओढतं का? आणि सर्वात महत्त्वाचं, भाडेकरार कधी संपतो? पुण्या-मुंबईत करार बहुधा अकरा महिन्यांचे असतात. त्या घराचा करार तीन महिन्यांत संपणार असेल तर तुमची व्यवस्थाही तेवढीच टिकेल असं समजून चाला.

खाण्याबद्दलचा मतभेद निभावतो, कारण डबे वेगळे ठेवता येतात. शिस्तीबद्दलचा आणि आजारी मूल पाठवण्याबद्दलचा मतभेद निभावत नाही. समोरचं घर ‘थोडा ताप असला तर औषध देऊन पाठवू’ म्हणत असेल तर तिथेच थांबलेलं बरं.

मुलं कुणाच्या घरी राहणार

एक घर कायमचं ठरवणं वर्षाच्या आतल्या बाळांसाठी चांगलं. त्यांची झोपेची जागा, पाळणा, अंधार, पंख्याचा आवाज हे सगळं रोज तेच असलं की झोप लागते. मुलं दीड वर्षांपुढे गेली की महिन्यामहिन्याने घर बदलता येतं. दर आठवड्याला बदलण्याचा बेत करू नका. सामान हलवण्यातच रविवार जातो आणि नेमकी हवी ती वाटी दुसऱ्या घरी राहते.

यजमान घराने दोन मुलांच्या दृष्टीने घर पुन्हा तपासायचं असतं. आपल्या मुलाची खोड आपल्याला माहीत असते, दुसऱ्याच्या मुलाची नसते. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये वारंवार होणारा प्रकार म्हणजे मूल खोलीत किंवा बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावून घेतं. मुलाच्या हाताला येणाऱ्या सगळ्या आतल्या कड्या काढून टाका किंवा चिकटपट्टीने बंद करा. मुख्य दाराला लॅच असेल तर एक किल्ली शेजारी ठेवा, नाहीतर मावशी कचरा ठेवायला बाहेर जातात, दार वाऱ्याने बंद होतं आणि मुलं आत राहतात. बाथरूममध्ये भरलेली बादली ठेवायची नाही. अगदी वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. फिनेल, ॲसिड, रॉकेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय असेल तर ती आजच बंद करा. रिमोट आणि खेळण्यांमधले बटनसेल, शेंगदाणे, सुपारी, फुटाणे उंचावर हवेत. देवघरातली समई आणि उदबत्ती मुलं घरात असताना जमिनीवर नको. बाल्कनीच्या कठड्याजवळ खुर्ची, स्टूल किंवा कुंडी नको आणि खिडक्यांना जाळी हवीच.

यजमान घरात आजी-आजोबा असतील तर मोठा आधार असतो, आणि एक नाजूक प्रश्नही. मावशींना हळूहळू चहा टाका, भाजी निवडा, पाहुण्यांना पाणी द्या अशी कामं सांगितली जातात. मावशी कोणती कामं करणार याची यादी आजी-आजोबांसमोरच वाचून दाखवा. दोन्ही मुलांचं खाणं, त्यांची भांडी-बाटल्या, त्यांचे कपडे, अंघोळ, खेळण्यांची आवराआवर इतकंच. स्वयंपाक, केर-लादी, मोठ्यांची भांडी नाहीत.

पैशांचा हिशेब

आधी आपल्याच भागातल्या तीन-चार घरांत चौकशी करून एका मुलाचा चालू दर काढा. दर भागाभागात इतके बदलतात की दुसऱ्या उपनगराचा आकडा कामाचा नाही. दोन मुलं असतील तर पगार दुप्पट होत नाही, पण तोच दर ठेवून दुसरं मूल ‘सोबत’ सोपवणंही चुकीचं आहे. एका मुलाच्या दराच्या दीडपट हा आम्हाला योग्य वाटणारा मध्य आहे. दोन्ही घरांची बचत होते आणि मावशींना टिकून राहण्याचं कारण मिळतं.

आता वाटणी. दोन्ही घरांच्या वेळा सारख्या असतील तर निम्मे-निम्मे, प्रश्नच नाही. वेळा वेगळ्या असल्या की निम्मे-निम्मे अन्यायाचं होतं. समजण्यापुरते काही आकडे घेऊ. पहिल्या घराचं मूल सकाळी ८.३० ते संध्याकाळी ६.३० म्हणजे दहा तास, दुसऱ्याचं १० ते ४ म्हणजे सहा तास. एका मुलाचा दर तासाला ८० रुपये, दोन मुलं एकत्र असताना १२० रुपये. महिन्याचे २६ दिवस.

दोन्ही मुलं असतात ते ६ तास: ६ × १२० = ७२० रुपये रोज, प्रत्येकी ३६०.
फक्त पहिलं मूल असतं ते ४ तास: ४ × ८० = ३२० रुपये रोज, पूर्ण पहिल्या घराचे.
मावशींचा पगार: १,०४० × २६ = २७,०४० रुपये.
पहिल्या घराचा हिस्सा: ६८० × २६ = १७,६८० रुपये.
दुसऱ्या घराचा हिस्सा: ३६० × २६ = ९,३६० रुपये.

हेच निम्मे-निम्मे केलं असतं तर दुसऱ्या घराला १३,५२० रुपये पडले असते. पण सहा तासांसाठी स्वतंत्र बाई ठेवली असती तर त्यांना ६ × ८० × २६ = १२,४८० रुपयेच लागले असते. म्हणजे वाटून घेऊनही तोटा! तासांच्या सरळ प्रमाणात, १० : ६ असं वाटलं तर दुसऱ्या घराला १०,१४० येतात. हे निम्मे-निम्मेपेक्षा बरं, तरी त्यात पहिल्या घराच्या एकट्या तासांचा थोडा भार दुसऱ्यावर जातोच. वरच्या पद्धतीत दोन्ही घरांची बचत बरोबर ३,१२० रुपये येते (पहिल्या घराने एकट्याने बाई ठेवली असती तर २०,८०० लागले असते) आणि मावशींना २०,८०० ऐवजी २७,०४० मिळतात. म्हणून एकत्र तास आणि एकटे तास वेगळे काढून मांडणी करा. एका कागदाचं काम आहे.

दर तासांवरून काढला तरी पगार महिन्याचा ठोक ठरवा. मावशींनी तुमच्यासाठी वेळ राखून ठेवलेला असतो. म्हणून तुमचं घर गणपतीला आठ दिवस कोकणात गेलं, मे महिन्यात आजोळी गेलं, मूल आजारी म्हणून घरी राहिलं, तरी तुमचा हिस्सा पूर्ण द्यायचा. हे कलम सर्वात जास्त वादाचं आहे. ‘आमचं मूल आलंच नाही तर आम्ही का द्यायचं’ असं एकदा झालं की भार दुसऱ्या घरावर किंवा मावशींवर पडतो आणि दोघांपैकी एक निघून जातो.

यजमान घराचा खर्च वेगळा मोजा. वीज, पाणी, गॅस, मावशींचं जेवण आणि चहा, टिश्यू, साबण यांसाठी महिन्याची एक ठरावीक रक्कम जोडीदार घराने द्यावी. एप्रिल-मे मध्ये दुपारभर एसी चालतो, तेव्हा ती जास्त ठेवावी. दर वेळी बिल दाखवून मागणं दोघांनाही नकोसं होतं. मुलांचं खाणं आपापलं असेल तर हिशेब सोपा. दोघांसाठी एकत्र खिमट, मऊ भात, नाचणीचं सत्त्व शिजत असेल तर किराण्याची एक छोटी पेटी ठेवा, दोघांनी सारखे पैसे टाकायचे.

पगार मावशींना एकरकमी, महिन्याच्या १ तारखेला, त्यांच्याच बँक खात्यावर जावा. एका घराने द्यायचा आणि दुसऱ्याने आपला हिस्सा २८ तारखेपर्यंत त्या घराला पाठवायचा. आमचा आग्रह असा की मुलं ज्या घरी असतात त्या घराने पगार देऊ नये. घरही त्यांचं आणि पगारही त्यांच्या हातून गेला, तर मावशी नकळत त्यांनाच मालक समजतात आणि दुसऱ्या घराच्या सूचना मागे पडतात.

आणखी काही गोष्टी आधी लिहून ठेवा. आठवड्याची एक सुट्टी, शिवाय वर्षाला १५ ते १८ पगारी रजा आणि ठरलेले सण. त्यापुढच्या खाड्याचे पैसे कापायचे असतील तर पगाराला २६ ने भागायचं की ३० ने, हेही लिहा. २७,०४० ला २६ ने भागलं तर दिवसाचे १,०४० होतात, ३० ने भागलं तर साधारण ९०१. उशीर झाला तर जादा तासाचे पैसे उशीर करणाऱ्या घराचे, आणि सातनंतर मावशींच्या रिक्षाचे पैसेही त्याच घराचे. दिवाळीचा बोनस एक महिन्याचा पगार, दोन्ही घरांच्या नेहमीच्या हिश्श्याप्रमाणे. वर्षाच्या मध्ये सुरुवात झाली असेल तर जितके महिने तितके बारावे हिस्से. पगारवाढीचा महिना ठरवून टाका म्हणजे मावशींना मागावी लागणार नाही.

उचल हा स्वतंत्र विषय आहे. मुलीचं लग्न, आजारपण, शाळेची फी यासाठी मावशी आगाऊ पैसे मागतात आणि बहुतेकदा ज्या घराशी जवळीक त्याच घराकडे मागतात. एका घराने परस्पर दिले की पुढे हप्ता कुणाच्या हिश्श्यातून कापायचा हा गोंधळ होतो. नियम असा ठेवा: उचल दोघांनी मिळूनच द्यायची, एक महिन्याच्या पगारापर्यंत, आठ ते दहा हप्त्यांत परतफेड. मावशी मध्येच काम सोडून गेल्या आणि रक्कम बुडाली तर दोघांनी हिश्श्याप्रमाणे सोसायची.

मावशींचा शोध आणि पारख

वॉचमन, पोळीवाल्या ताई, सोसायटीतल्या ज्यांचं मूल आता शाळेत जायला लागलं आहे अशी घरं, या वाटा ब्युरोपेक्षा, म्हणजे बाई पुरवणाऱ्या एजन्सीपेक्षा, चांगल्या. ब्युरोमधून घ्यायचं असेल तर कमिशन किती, बाई सोडून गेल्यास बदली किती दिवसांत आणि किती वेळा, हे पावतीवर लिहून घ्या. पहिल्याच फोनवर सांगा की दोन मुलं आहेत, दोन घरांची आहेत. भेटीच्या दिवशी दुसरं मूल पुढे केलं की विश्वास पहिल्याच पायरीवर जातो.

भेटीत ‘अनुभव आहे का’ याऐवजी प्रसंग विचारा. एक बाळ घशात काही अडकून खोकतंय आणि दुसरं पाळण्यात रडतंय, आधी काय कराल? बाळाला ताप वाटला तर काय कराल? दोघं एकदम झोपेला आली तर कुणाला आधी? उत्तर चुकलं तरी चालेल, शिकवता येतं. ‘मी माझं बघून घेते, तुम्ही काळजी करू नका’ एवढंच उत्तर मिळत असेल तर सावध व्हा. आधीच्या दोन घरांना स्वतः फोन करा आणि एकच प्रश्न नक्की विचारा: पुन्हा ठेवाल का?

वय १८ च्या वर असल्याची आधारकार्डावरून खात्री करा. पोलिस पडताळणी जवळच्या ठाण्यातून करून घ्या आणि सोसायटीच्या गेटवरच्या नोंदीत दोन्ही फ्लॅटचे क्रमांक टाका. आपल्याकडे क्षयरोग अजून मोठ्या प्रमाणावर आहे, त्यामुळे डॉक्टरांची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्यावा, दोन्ही घरांच्या खर्चाने. अहवाल मावशींचा आहे, तो सोसायटीच्या ग्रुपवर चर्चेला नको. फ्लू, डांग्या खोकला, टायफॉइड यांच्या लसींबद्दल त्याच डॉक्टरांना विचारा.

मावशींसाठी करायच्या काही गोष्टींना खर्च फार कमी येतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे आणि त्यात २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. जीवन ज्योती विम्याचा हप्ता ४३६ रुपये, ५० वर्षांपर्यंत नोंदणी होते. दोन्ही दोन घरांनी भरावेत. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे, त्यात १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते. त्यासाठी लागणारं काम करत असल्याचं पत्र मागितल्याबरोबर द्या.

मग सहा दिवसांचा पगारी सराव. पहिले दोन दिवस यजमान घराचं मूल, आई किंवा बाबा घरातच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन्ही मुलं, दोन्ही घरांपैकी एक मोठं माणूस सोबत. पाचव्या दिवशी दोन तास बाहेर जा. सहाव्या दिवशी अर्धा दिवस. या काळात मावशींचा हात बघा. मूल रडत असताना त्यांचा आवाज चढतो का, लंगोट बदलल्यावर हात धुतात का, एकाला भरवताना दुसरं त्यांच्या नजरेत असतं का.

रोजचा दिवस

प्रत्येक मुलाचा एक रंग ठरवा. बाटली, वाटी, चमचा, पिशवी, टॉवेल, औषधांची डबी त्याच रंगाची. नावं वाचायची वेळच येत नाही.

आईचं दूध पाठवत असाल तर काढल्याची तारीख आणि वेळ बाटलीवर लिहा, बर्फाच्या पाकिटासह पिशवीत न्या आणि फ्रीजच्या दारात न ठेवता आत मागच्या बाजूला ठेवा. तिथे ते चार दिवस टिकतं. बाहेर २५ अंशांच्या आसपास चार तास चालतं, पण आपल्याकडचा उन्हाळा बघता बाहेर ठेवण्याचा विचार करू नका. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून कोमट करायचं, मायक्रोवेव्हमध्ये नाही. बाळाने तोंड लावलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्यायचं. चुकून एकाचं दूध दुसऱ्याला दिलं गेलं तर लगेच सांगायचं, लपवायचं नाही, हे मावशींना शांतपणे समजावून सांगा. वर्षाच्या आत मध कुणालाही नाही, बोटावर चाटवण्यापुरताही नाही.

औषधांच्या बाबतीत खरा धोका आहे. तापाच्या पॅरासिटामॉलचे थेंब बहुधा १ मिलीत १०० मिग्रॅ असतात, तर नेहमीचं सिरप ५ मिलीत १२० किंवा १२५ मिग्रॅ, आणि आणखी एक सिरप ५ मिलीत २५० मिग्रॅ. थेंब नेहमीच्या सिरपच्या चौपट तीव्र असतात. एका घराची थेंबांची बाटली आणि दुसऱ्या घराचं सिरप एकाच कपाटात असेल आणि मात्रा ‘पाच मिली’ एवढीच लक्षात असेल तर काय होईल ते सांगायला नको. औषधं वेगळ्या डब्यांत ठेवा, डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेली मात्रा मिलीमध्ये बाटलीवर चिकटवा आणि मुलाच्या आई-बाबांना फोन केल्याशिवाय औषध द्यायचं नाही हा नियम ठेवा.

दोन्ही घरांचा आणि मावशींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप पुरे. दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला दोन छोटे ऑडिओ: कोण किती जेवलं, किती झोपलं, शी-शू. मुलांचे फोटो कुणीही स्टेटसला लावायचे नाहीत, मावशींनीही आणि जोडीदार घरानेही. कॅमेरा लावायचा असेल तर मावशींना दाखवून लावा, दोन्ही घरांना तो दिसावा, आणि मावशी कपडे बदलतात किंवा आराम करतात ती खोली सोडा.

खाली बागेत दोन्ही मुलांना घेऊन जाताना चालणारं मूल हाताशी आणि दुसरं बाबागाडीत पट्ट्याने बांधलेलं हवं. पार्किंगमधून मागे येणाऱ्या गाड्या हा सोसायटीतला मोठा धोका आहे, रस्ता तिथूनच असेल तर कुणीतरी दुसरं सोबत असतानाच जाऊ द्या.

आजारपण आणि तातडीचे प्रसंग

साधी सर्दी, नाक वाहणं चालेल, नाहीतर पावसाळ्यात महिन्यातले पंधरा दिवस कुणी येणार नाही. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर मूल आपल्या घरी, आणि औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तेव्हाच परत. जुलाब-उलट्यांनंतर निदान २४ तास. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत. हात-पाय-तोंडाच्या आजारात ताप जाऊन फोड सुकेपर्यंत. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप असेल तर वाट न बघता डॉक्टर.

यजमान घराचंच मूल आजारी पडलं तर? तेव्हा मावशी जोडीदार घरी जातात आणि आजारी मुलाजवळ त्याचे आई-बाबा राहतात. आजारी मुलाला आई-बाबाच हवे असतात, आणि दुसऱ्या घराचा कामाचा दिवस वाचतो. म्हणून जोडीदार घरातही एक पाळणा आणि मूलभूत सामान तयार ठेवावं.

मावशी आल्या नाहीत तर पहिला खाडा कुणाचा, दुसरा कुणाचा, हा क्रम कॅलेंडरवर लिहा. एका घरातलं माणूस अर्धा दिवस दोन्ही मुलं सांभाळेल आणि उरलेला अर्धा दिवस दुसऱ्या घरातलं. जवळच्या पाळणाघरात दिवसाच्या दराने ठेवतात का हे आधी विचारून, मुलांना एकदा तिथे नेऊन आणा.

फ्रीजच्या दारावर मोठ्या अक्षरांत कागद लावा: रुग्णवाहिका १०८, पोलिस आणि इतर मदत ११२, चौघांचे फोन, मुलांचे डॉक्टर, जवळचं हॉस्पिटल, फ्लॅट क्रमांक आणि इमारतीच्या नावासह पूर्ण पत्ता. घाबरलेल्या माणसाला फोनवर पत्ता सांगता येत नाही. दोन मुलं असताना एकाला दवाखान्यात न्यावं लागलं तर दुसऱ्याला कुणी घ्यायचं? त्याच इमारतीतलं एक शेजारचं घर आधी विचारून ठरवा. दोन्ही घरांनी एकमेकांना ‘तातडीच्या उपचारांसाठी मुलाला नेण्यास संमती’ असं सही केलेलं पत्र द्यावं, सोबत विमा कार्डाची प्रत. घशात काही अडकलं तर वर्षाच्या आतल्या बाळाला पालथं धरून पाठीवर पाच थापा आणि मग उताणं करून छातीवर पाच दाब, हे मावशी आणि चारही पालकांनी प्रशिक्षित माणसाकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावं. वाचून हात बसत नाही.

कागद आणि शेवटचा हिशेब

दोन पानांचा कागद पुरतो, मराठीत, मावशींना वाचून दाखवून, तिघांच्या सह्या आणि प्रत्येकाकडे एक प्रत. कामाचे तास, कामांची यादी, पगार आणि तारीख, सुट्ट्या, बोनस, वाढीचा महिना, उचल, आजारी मुलाचा नियम, नोटीस. घराघरांमधल्या वाटणीचा तपशील वेगळ्या कागदावर, तो मावशींना दाखवायची गरज नाही. दर तीन महिन्यांनी चौघांनी अर्धा तास बसून कागद बघावा. सकाळी दारात मूल सोपवताना तक्रार करू नका, मावशींच्या मार्फत तर मुळीच नको.

व्यवस्था कधी संपणार हे बऱ्याचदा आधीच माहीत असतं. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि नर्सरीचे प्रवेश काही महिने आधीच होतात, त्यामुळे डिसेंबरमध्येच एकमेकांना विचारा की येत्या जूनला कुणाचं मूल जाणार आहे. बाहेर पडणाऱ्या घराने ३० दिवसांची लेखी नोटीस द्यावी आणि त्या काळाचा हिस्सा पूर्ण भरावा, नवं घर लवकर मिळालं तर उरलेले पैसे परत. मावशींना पुढे ठेवण्याचा पहिला हक्क राहणाऱ्या घराचा. पण एका घराचा पगार त्यांना परवडणार नसेल तर त्यांना मोकळं करा, लोंबकळत ठेवू नका. मावशींनी सोडायचं ठरवलं तरी तीच ३० दिवसांची मुदत.

शेवटच्या दिवशी राहिलेला पगार, बोनसचे बारावे हिस्से आणि उचलीची बाकी एकाच कागदावर मांडून मिटवा. घराच्या किल्ल्या परत घ्या, गेटवरची नोंद काढा. मावशींना दोन्ही घरांच्या सहीचं पत्र द्या: कधीपासून कधीपर्यंत काम केलं, मुलांची वयं काय होती, काय काय सांभाळलं, आणि चौकशीसाठी दोन्ही घरांचे फोन नंबर.